लटकलेल्या बोटासाठी घरी केलेला स्प्लिंट

उंच उडालेला झेल घेताना चेंडू तळव्यात न येता बोटाच्या टोकावर आदळतो. गादीखाली चादर खोचताना बोट मुडपतं. घट्ट पायमोजा वर ओढताना हात सटकतो. अशा साध्या कारणांनीही बोटाचं नखाजवळचं पेर खाली लटकू शकतं. दुसऱ्या हाताने उचललं तर ते सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. दुखणं बऱ्याचदा सोसण्यासारखं असतं, म्हणून ‘मुका मार आहे, बसेल हळूहळू’ असं म्हणत दोन-तीन आठवडे निघून जातात. डॉक्टर या दुखापतीला मॅलेट फिंगर म्हणतात. तिच्यावरचा मुख्य उपाय म्हणजे एक छोटासा स्प्लिंट, म्हणजे टोक सरळ धरून ठेवणारा कडक आधार. तो घरी चांगला करता येतो, पण काही गोष्टी नीट समजून घेतल्या तरच.

बोटात काय बिघडतं?

बोटाच्या पाठीवरून, म्हणजे नखाच्या बाजूने, एक पातळ चपटी कंडरा शेवटच्या पेरापर्यंत जाते. टोक सरळ करण्याचं काम तिचं. टोक अचानक जोरात खाली वाकलं की ही कंडरा तिथेच तुटते, किंवा हाडाचा बारीकसा कपचा सोबत घेऊन उपटली जाते. टोक खाली वाकवणारी तळव्याकडची कंडरा मात्र शाबूत असते आणि ओढत राहते. म्हणून टोक पडतं.

टोक पूर्ण सरळ धरलं की तुटलेली टोकं एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्यामध्ये नवी ऊती धरू लागते. ही ऊती सुरुवातीला फार नाजूक असते. चौथ्या आठवड्यात आंघोळीच्या वेळी एकदा जरी टोक खाली पडलं तरी ती ताणली जाते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. त्यामुळे टोक अखंड सरळ ठेवायचं, दिवसा आणि रात्री, साधारण सहा ते आठ आठवडे. नेमके किती, ते एक्सरे पाहून डॉक्टर ठरवतात.

स्प्लिंट कशाचा आहे, यापेक्षा तो अखंड राहतो का, हे जास्त महत्त्वाचं आहे. या दुखापतीच्या उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी, कॉक्रन या वैद्यकीय संशोधन-संस्थेची एक समीक्षा २००४ मध्ये झाली. तयार स्प्लिंट आणि मापाने केलेला स्प्लिंट यांत कोणता सरस, हे ठरवण्याइतका पुरावा त्या अभ्यासांत सापडला नाही. मात्र स्प्लिंट रोजच्या वापरात टिकणारा हवा आणि रुग्णाने सूचना पाळणं हेच कळीचं आहे, असं त्यात बजावलं आहे. घरच्या स्प्लिंटची बाजू इथेच बळकट होते. दुकानातली तयार टोपी, म्हणजे बोटाच्या टोकावर चढवायचा स्प्लिंट, बहुधा ठरावीक मापांत मिळते. ती सैल असेल तर टोक आत वाकतं, घट्ट असेल तर माणूस रात्री काढून ठेवतो. आपल्या बोटाच्या मापाचा, न टोचणारा स्प्लिंट बोटावर टिकतो.

आधी डॉक्टर, मग कात्री

नुसतं पाहून हाड मोडलंय की नाही ते कळत नाही. बोटाचा बाजूने घेतलेला एक्सरे लागतो. हाडाचा कपचा मोठा असेल किंवा सांधा जागेवरून सरकला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून ‘हे मॅलेट फिंगर आहे आणि स्प्लिंटने भागेल’ हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून कळल्यानंतरच घरचा कायमचा स्प्लिंट करायला घ्या. तोपर्यंत फक्त तात्पुरता आधार.

पुढच्यापैकी काही दिसलं तर घरी प्रयोग न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा:

• जखम उघडी आहे, हाड दिसतंय, किंवा नख मुळापासून वर आलंय. लहान मुलांच्या बाबतीत नखाच्या मुळाशी रक्त दिसलं तर खास जपा. आत वाढीच्या भागाजवळ हाड मोडलेलं असू शकतं.
• बोट बधिर, पांढरं किंवा निळसर पडलंय.
• बोट वाकडं झालंय, किंवा मूठ मिटताना शेजारच्या बोटावर चढतंय.
• टोक सरळ होतं पण वाकतच नाही. कबड्डीत किंवा झटापटीत समोरच्याचा कपडा घट्ट पकडला आणि तो निसटला की असं होऊ शकतं, बहुधा अनामिकेला. यात तळव्याकडची कंडरा तुटलेली असते. तिला स्प्लिंट पुरत नाही, लवकर शस्त्रक्रिया लागते. दिवस घालवले तर कंडरा आत ओढली जाते आणि ती जोडणं अवघड होतं.
• सगळं बोट फुगलंय, अर्धवट वाकलेलं आहे, आणि जरा सरळ केलं तरी तळव्याकडून असह्य कळ येते. हा आतल्या जंतुसंसर्गाचा इशारा आहे.

मधुमेह असेल, हाताची संवेदना कमी असेल किंवा त्वचा फार पातळ असेल तर स्प्लिंट घरी करू नका, तज्ज्ञांकडून करून घ्या. स्प्लिंट करणं हा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा रोजचा उद्योग. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हा विभाग असेल तर तिथे चौकशी करा.

आणखी एक. मार लागल्या लागल्या बोटातली अंगठी काढा; सूज चढल्यावर ती कापावी लागते. बोट ओढून ‘बसवायला’ किंवा तेल लावून चोळायला कोणालाही देऊ नका.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

आइस्क्रीमची लाकडी काडी बोटाच्या मापाने तोडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि तिच्यावर कापसाचा पातळ थर देऊन गॉज गुंडाळा. टोक दुसऱ्या हाताने सरळ धरून काडी तळव्याच्या बाजूने लावा आणि कागदी चिकटपट्टीने सैलसर बांधा. काडी नसेल तर जाड पुठ्ठ्याची दोन-तीन पदरी पट्टी चालते. हा आधार एक-दोन दिवसांपुरताच. लाकूड आणि पुठ्ठा घाम शोषतात, मऊ पडतात आणि बोट आत हळूहळू वाकतं.

तीन जागांचा हिशेब

खरा स्प्लिंट करण्याआधी तो काम कसा करतो ते पाहा. टोक सरळ राहण्यासाठी तीन ठिकाणी दाब लागतो. तळव्याच्या बाजूने दोन जागी: बोटाच्या टोकाच्या गादीखाली आणि मधल्या सांध्याच्या जरा अलीकडे. नखाच्या बाजूने एका जागी: टोकाच्या सांध्याच्या लगेच मागे. खालचा दाब स्प्लिंट देतो, वरचा दाब चिकटपट्टी देते. यातली एक जागा जरी सैल राहिली तरी टोक पडतं.

म्हणून स्प्लिंटची लांबी बोटाच्या टोकापासून सुरू होते आणि मधल्या सांध्याच्या वळीच्या चार-पाच मिलिमीटर आधी संपते. मधला सांधा मोकळा हवाच. घरी केलेल्या स्प्लिंटमध्ये सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे ‘जास्त आधार’ म्हणून सगळं बोट बांधून टाकणं. त्याने फायदा काहीच होत नाही, उलट मधला सांधा आखडतो आणि सहा आठवड्यांनी तो सोडवण्याचं नवं काम मागे लागतं.

कशाचा करायचा?

सोपा पर्याय औषधाच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळतो: एका बाजूला फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. ती कात्रीने कापता येते, हाताने वाकवता येते. कापलेल्या कडा धारदार असतात. त्या कानशीने घासा आणि वर चिकटपट्टी दुमडून लावा. फोम ओला झाला की वाळायला वेळ घेतो, म्हणून दोन पट्ट्या कापून ठेवा.

मापाने घडवण्यासाठी उत्तम म्हणजे कमी तापमानाला मऊ होणारं प्लास्टिक. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे त्याचं नाव. ऑनलाइन दुकानांत ते साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या दाण्यांच्या रूपात मिळतं. साधारण ६० अंश सेल्सिअसला ते मऊ आणि पारदर्शक होतं, गार झालं की पुन्हा पांढरं आणि कडक. आकार चुकला तर पुन्हा गरम पाण्यात टाकून नव्याने करता येतो. एका स्प्लिंटला दोन चहाचे चमचे दाणे पुरतात.

प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप गॅसवर तापवून वाकवण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा धूर विषारी असतो. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिकही टाळा. ते पातळ असतं आणि त्याची कड कातडी कापते.

सोबत लागेल: अर्धा इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी, कात्री, नखं घासायची कानस, कागद, पेन, चमचा, स्टीलचं ताट, एक गुळगुळीत बाटली आणि मदतीला घरातलं एक माणूस. एकट्याने करू नका. एका हाताने स्प्लिंट घडवताना जखमी टोक सांभाळता येत नाही.

घडवण्याची कृती

१. कागदावर माप घ्या. लांबी वर सांगितल्याप्रमाणे. रुंदीसाठी दोऱ्याने बोटाचा घेर मोजा आणि त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त धरा. नख वरून उघडं राहायला हवं. चारही कोपरे गोल कापा.

२. स्टीलच्या भांड्यात तीन वाट्या उकळतं आणि दोन वाट्या साधं पाणी एकत्र करा. त्यात दाणे टाका. दोन-तीन मिनिटांत ते पारदर्शक होऊन एकमेकांना चिकटतील. गोळा चमच्याने काढा. पाण्यात बोट घालू नका.

३. ओल्या ताटावर गोळा ठेवून ओल्या बाटलीने अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा लाटा. पातळ झाला तर वाकेल, जाड झाला तर हातमोज्यात मावणार नाही. कागदाचं माप ठेवून मऊ असतानाच कात्रीने कापा. मधोमध जाड सुईने तीन-चार भोकं पाडा, आतला घाम वाळायला मदत होते.

४. आधी सराव. दुसऱ्या हाताच्या त्याच बोटावर आकार देऊन पाहा. प्लास्टिक किती वेळ मऊ राहतं, किती दाबावं लागतं, ते कळतं. मग तुकडा पुन्हा पाण्यात टाकून पारदर्शक करा.

५. जखमी हात उताणा ठेवा. बोटाची नखाकडची बाजू टेबलावर सपाट टेकवा. असं केलं की टोक सरळ राहतं. बोटाला खोबरेल तेलाचं अगदी हलकं बोट फिरवा, म्हणजे प्लास्टिक कातडीला आणि केसांना चिकटत नाही.

६. पाण्यातून काढलेला तुकडा पुसा आणि अर्धा मिनिट थांबा. मदतनिसाने तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तिथे सुखाने सोसवला तरच बोटावर ठेवायचा. कोमट असतानाही त्याला पुरेसा लवचिकपणा असतो.

७. तुकडा बोटाच्या गादीवर ठेवून मदतनिसाने दोन्ही बाजू हलक्या हाताने खाली दाबाव्यात. बोटांच्या टोकांनी खड्डे पाडू नका, तळव्याने दाबा. मधल्या सांध्याकडची कड जराशी बाहेर वळवा, म्हणजे तो सांधा वाकवताना ती रुतणार नाही.

८. प्लास्टिक पुन्हा पांढरं होईपर्यंत तसंच धरून ठेवा. काही मिनिटं लागतात. गार पाण्याचा ओला कपडा वरून ठेवला तर लवकर कडक होतं.

९. बोट टेबलावरून न उचलता स्प्लिंट काढा, कडा कानशीने घासा, बोटावरचं तेल साबणाच्या ओल्या कपड्याने पुसून कोरडं करा. स्प्लिंट परत बसवा. पहिली चिकटपट्टी टोकाच्या सांध्याच्या लगेच मागे, दुसरी नखावरून सैलसर.

लगेच दुसरा स्प्लिंटही करून ठेवा. एक ओला असेल तेव्हा दुसरा लागतो.

नीट बसला की नाही?

बाजूने पाहा. टोक सरळ रेषेत किंवा किंचित वर हवं. फार वर उचललेलं असेल तर सांध्यावरची कातडी पांढरी पडते. तिथलं रक्त अडतं आणि जखम होऊ शकते. अशी पांढरी दिसली तर आकार बदला. नख दाबून सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतला पाहिजे. मधला सांधा पूर्ण वाकवून पाहा. तो वाकतो पण स्प्लिंट हलत नाही, तर माप जमलं. रात्री बोट ठणकलं, मुंग्या आल्या किंवा टोक सुजलं तर चिकटपट्टी सैल करा. तरी फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

सूज दहा-बारा दिवसांत उतरते आणि तोच स्प्लिंट सैल होतो. तेव्हा गरम पाण्यात टाकून नव्याने घडवा. मापाचा स्प्लिंट घरी करण्याचा खरा फायदा हाच, की यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत.

रोजची सवय

एक-दोन दिवसांनी बोट धुवायला हवं, नाहीतर कातडी पांढरी, भिजकी होते आणि वास येतो. धुताना हात पालथा करून टेबलावर ठेवा, बोट सपाट. चिकटपट्टी कापा आणि स्प्लिंट पुढच्या दिशेने सरकवून काढा. साबणाच्या कपड्याने पुसा, स्वच्छ पाण्याच्या कपड्याने पुसा, पंख्याखाली पाच-दहा मिनिटं वाळू द्या. टोकाखालची बाजू पुसायची असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते खालून उचलून धरा. या सगळ्यात हात हवेत उचलायचा नाही.

आंघोळीला पिशवी किंवा हातमोजा घाला. भांडी, धुणं, कणीक मळणं, भाकरी थापणं ही कामं घरातल्या इतरांकडे सोपवा. सहा आठवडे बाईला हात ओला करू द्यायचा नसेल तर ‘जरा जपून कर’ एवढं सांगून भागत नाही. काम वाटून घ्यावं लागतं. गॅसजवळ, गरम कुकरजवळ हे प्लास्टिक मऊ पडू शकतं. उन्हाळ्यात जादा स्प्लिंट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

दिवसातून चार-पाच वेळा मधला सांधा आणि बोटाच्या मुळाचा सांधा पूर्ण वाकवा, सरळ करा. स्प्लिंट बोटावर असतानाच. बाकीची बोटं नेहमीसारखी वापरा. पहिल्या आठवड्यात बसताना हात उशीवर उंच ठेवला तर सूज लवकर उतरते.

चुकून टोक खाली पडलंच तर घाबरू नका, पण लपवूही नका. ताबडतोब सरळ करून स्प्लिंट लावा, तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मधला सांधा दुखावला असेल तर

मार मधल्या सांध्याला असेल तर हाच स्प्लिंट उलट अपाय करील. त्या सांध्यावरची कंडरा तुटली तर मधला सांधा सरळ धरायचा असतो आणि टोकाचा मोकळा ठेवून वाकवत राहायचं असतं, म्हणजे इथल्या नेमकं विरुद्ध. ही दुखापत पहिल्या दिवशी साध्या मुरगळीसारखी वाटते. आठवड्या-दोन आठवड्यांनी मधला सांधा वाकलेला आणि टोक वर उचललेलं दिसू लागतं. म्हणून सुजलेल्या मधल्या सांध्याचं निदान स्वतः करू नका. डॉक्टरांनी ‘साधी मुरगळ’ म्हटलं तर बहुधा शेजारच्या बोटाला जोडून बांधणं पुरतं: दोन बोटांमध्ये गॉजची घडी ठेवायची आणि सांधे सोडून पेरांवर चिकटपट्टी लावायची.

सहा आठवड्यांनंतर

डॉक्टरांनी परवानगी दिली की स्प्लिंट दिवसा थोडा थोडा वेळ काढायला सुरुवात होते. पहिल्या दिवसांत टोक स्वतःहून जेवढं वाकेल तेवढंच वाकवा, दुसऱ्या हाताने दाबू नका. पुढचे दोन ते चार आठवडे रात्री आणि खेळताना स्प्लिंट लावा. पुन्हा टोक पडू लागलं तर परत चोवीस तास.

उपचार उशिरा सुरू झाले म्हणून आशा सोडू नका. काही आठवडे उलटून गेलेल्या बोटालाही स्प्लिंटचा उपयोग होतो. काहीच न केल्यास मात्र काही जणांचा मधला सांधा हळूहळू मागे वाकू लागतो आणि बोटाचा सगळा तोल बिघडतो.

शेवटी टोक पाच-दहा अंश खाली राहिलं, सांध्यावर छोटा उंचवटा दिसला किंवा काही महिने थंडीत तो जरा दुखला तर त्याची काळजी नको. अशा बोटाने लिहिता येतं, सदऱ्याची बटणं लावता येतात, झेलही घेता येतो. मोजायचं ते हेच. स्प्लिंट लावल्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, सहा आठवड्यांनंतरच्या तारखेभोवती गोल करा, आणि त्या दिवसाची डॉक्टरांची वेळ आताच घेऊन ठेवा.